४२९४९६७२९७ हातानं कशी फोडायची

४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. म्हणजे २³² + १. ही मूळ संख्या असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४०च्या सुमारास वाटत होतं, कारण याच घडणीच्या आधीच्या पाचही संख्या (२¹ + १ = ३, २² + १ = ५, २⁴ + १ = १७, २⁸ + १ = २५७, २¹⁶ + १ = ६५५३७) मूळ आहेत. १७३२मध्ये ऑयलर या गणितज्ञानं तिचा अवयव काढून दाखवला. नववी-दहावीच्या मुलांकडून मी तो काढून घेतो. कॅल्क्युलेटर दप्तरात, समोर फक्त रफ वही.

३, ७, ११, १३ असं ओळीनं भागत सुटू नका. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर आहे आणि तिथपर्यंत साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत. आधी घडण बघा. समजा, प या मूळ संख्येनं हिला निःशेष भाग जातो. मग प ने भागल्यावर २³²ची बाकी प पेक्षा १ कमी, म्हणजे −१ धरा. वर्ग केला की २⁶⁴ची बाकी १. त्याच्या आधी २च्या कुठल्याच घाताची बाकी १ येत नाही; नंतरही ती फक्त ६४च्या पटीतल्या घातांनाच येते. आणि फर्माचंच प्रमेय सांगतं की २च्या (प − १)व्या घाताची बाकी १ असते. म्हणजे प − १ ला ६४ने भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज फर्माच्याच प्रमेयानं मोडायचा! मला या गणितात हे सगळ्यात देखणं वाटतं.

आता ६४चा पाढा म्हणत प्रत्येक वेळी १ मिळवा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. ज्या मूळ नाहीत त्या खोडा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१.

दहा अंकी भागाकारही मांडायचा नाही. २¹⁶ म्हणजे ६५५३६. त्याला भागून बाकी काढा, त्या बाकीचा वर्ग करा, पुन्हा भागून बाकी काढा आणि शेवटी १ मिळवा. १९३ने भागलं तर पहिली बाकी १०९. तिचा वर्ग ११८८१, त्याची बाकी १०८. १ मिळवून १०९. भाग जात नाही. २५७ला २ उरतात, ४४९ला ३२५, ५७७ला २८८.

६४१ मात्र सावकाश करा. ६४१ × १०२ = ६५३८२, बाकी १५४. १५४चा वर्ग २३७१६. ६४१ × ३६ = २३०७६, बाकी ६४०. त्यात १ मिळवला की ६४१. भाग गेला! भागाकार येतो ६७००४१७. उलटा गुणाकार करून ताळा जरूर बघा.

६७००४१७ आणखी फुटते का? इथे १८७८मध्ये ल्युकास या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलेली गोष्ट कामी येते: ६४ नव्हे, प − १ ला १२८नंसुद्धा भाग जातो. म्हणजे वरची यादी २५७ आणि ६४१ एवढीच राहिली असती. ६७००४१७चं वर्गमूळ २५८८च्या आसपास, तेव्हा १२८च्या पाढ्यातून २५७ सोडून (तो आधीच बाद झाला) ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच तपासायचे. ६४१नं ६७००४१७ला सरळ भागा, बाकी ४४ राहते. बाकीच्या तिघांना मघाचीच रीत लावा (४२९४९६७२९७ला ज्यानं भाग जात नाही, त्यानं तिच्या अवयवालाही जात नाही): ७६९ला २० उरतात, ११५३ला ७८९, १४०९ला १३६४. तेव्हा ६७००४१७ मूळच.