लग्नाच्या फोटोत स्किन चांगली दिसायला काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

लग्न ठरलं की पहिली धाव पार्लरकडे, फेशियलचं पॅकेज, ब्लीच, कुणीतरी सुचवलेली क्रीम. पण फोटोत चेहरा बिघडवतो तो आधी उजेड आणि मग चुकीच्या शेडचा मेकअप, स्किनचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून उजेडापासूनच सुरू करते.

तयार होतानाचे फोटो घरात किंवा हॉलच्या खोलीत काढणार असाल तर ट्यूबलाइट, पिवळे बल्ब सगळं बंद करा आणि खिडकीजवळ या. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो, आणि कॅमेरा एका वेळी एकालाच सांभाळू शकतो. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा, नसेल तर आजोबांचं धोतर लावलं तरी चालतं, खरंच. आणि हे नीट लक्षात घ्या, पिंपल्स किंवा खड्डे असतील तर खिडकीकडे सरळ तोंड करून उभं राहायचं, कारण बाजूने उजेड आला की प्रत्येक उंचवट्याची छोटी सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं सगळं फोटोत दिसतं. स्किन नितळ असेल तर थोडं तिरकं उभं राहा, नाक-गाल छान उठून दिसतात.

दुपारच्या उन्हात मात्र कुणाचंच भलं होत नाही, डोळ्यांखाली काळं आणि नाकाची सावली ओठांवर. मुहूर्त काही आपल्या हातात नसतो, पण जोडीचे फोटो संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवा, आणि दुपारीच काढायचे असतील तर पोर्चमध्ये किंवा बिल्डिंगच्या सावलीत, कडेला, तोंड उजेडाकडे करून. झाडाखाली नको, तिथे चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात.

मांडवाच्या कापडाचं कुणी बोलतच नाही! वर लाल किंवा हिरवं कापड असेल आणि त्यातून ऊन झिरपत असेल तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर, मग एडिटिंगवाला कितीही घासू दे. डेकोरेटरला छताला पांढरं किंवा क्रीम कापडच सांगा, रंगीत काय ते बाजूंना लावा. हळदीच्या फोटोतही हेच होतं, पिवळ्या साडीचा रंग हनुवटीखाली पडतो, शिवाय मागे झेंडू, त्यामुळे समोरून कुणीतरी पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट धरली तर चेहरा वेगळा दिसतो.

हळदीचाच विषय निघालाय तर, हळद लावायच्या आधी चेहऱ्याला आणि हातांना खोबरेल तेल चोळून घ्या, डाग कमी धरतो. काढताना लगेच साबण नको, साबणाने हळद लालसर होते, आधी तेलाने पुसून मग बेसन-दूध लावा. राहिलेला पिवळेपणा उन्हाने हळूहळू उडतो, म्हणून हळद आणि लग्न यात एखादा दिवस मिळाला तर बरं.

फेशियल चार-पाच दिवस आधी, थ्रेडिंग-वॅक्सिंग दोन दिवस आधी, आदल्या दिवशी काही नाही. नवीन काही लावायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. आणि ती महिनाभरात गोरं करणारी ट्यूब कृपा करून नको, अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, लावताय तोवर उजळ आणि बंद केली की लाली, पुरळ सगळं एकदम. त्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरकडे जा.

मेकअपची शेड हातावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा, मानेत मिसळून दिसेनाशी झाली की ती तुमची. पार्लरवाल्या ताई एक-दोन शेड वर नेतातच, त्यांना आधीच ठणकावून सांगा, कारण नाहीतर मंगळसूत्राच्या क्लोजअपमध्ये चेहरा पांढरा आणि मान, कान, हात वेगळेच. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल, किंवा वरून ती पांढरी सिलिका पावडर जाड लावली असेल, तर फ्लॅशमध्ये चेहरा भुतासारखा पांढरा येतो. म्हणून ट्रायलच्या दिवशीच अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा. विधी चालू असताना घाम आला की टिश्यू नुसता दाबायचा, घासायचा नाही, आणि मग अगदी थोडी पावडर. हे काम एका मावसबहिणीला वाटून द्या, नवरीला कुठे सुचतंय.

सावळ्या मुलींसाठी एक गोष्ट, फोन गडद चेहरा दिसला की उगाच फोटो उजळवतो आणि चेहरा राखाडी दिसायला लागतो. चेहऱ्यावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, लगेच फरक कळतो. तशी ही भानगड जुनीच आहे, कोडॅकच्या फिल्मचे रंग गोऱ्या बाईच्या फोटोकार्डावरून जुळवायचे, आणि कंपनीने चॉकलेटी रंग सुधारला तो चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्यावर म्हणे! ब्यूटी मोड बंद ठेवा आणि लेन्स पदराने का होईना पण पुसून घ्या, अर्ध्या धूसर फोटोंचं कारण तेच असतं. फोन अगदी तोंडाजवळ धरून सेल्फी काढली की नाक मोठं येतं, त्यापेक्षा चार-पाच फूट लांब उभं राहून थोडं झूम करा.

फोटोग्राफरला बुकिंगच्या वेळीच सांगा की स्किन गोरी करायची नाही, पिंपल काढला तरी चालेल पण तीळ काढायचा नाही. आणि अल्बमच्या आधी चार-पाच फोटो नमुना म्हणून मागवून घ्या, मोबाइलवर झूम करून गालावरची छिद्रं दिसतायत का बघा, नसतील दिसत तर लगेच परत पाठवा, सगळा अल्बम छापून आल्यावर काही करता येत नाही.