विश्व कशात पसरले? उत्तर देताना या चुका टाळा

विज्ञानदिनाच्या सुमारास पुण्यातील एखाद्या शाळेत विश्वाच्या उत्पत्तीवर व्याख्यान झाले, की ‘विश्व पसरले, ते नेमके कशात?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. गोंधळ वाढतो तो बहुधा उत्तरांमुळे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काळ्या, रिकाम्या पोकळीत एक ठिणगी उडाली आणि तिच्यातून सगळे बाहेर फेकले गेले, असे चित्र रंगवणे. ‘विश्व शून्यात पसरले’ हे उत्तरही त्याच चुकीचे सोज्ज्वळ रूप आहे, कारण त्यात शून्य ही एक जागा ठरते. 1922 मध्ये रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून जी समीकरणे काढली, त्यांत काळानुसार बदलते ते दूरदूरच्या दीर्घिकांमधील, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधील, अंतरांचे प्रमाण. विश्वाची कड किंवा तिच्यापलीकडचा प्रदेश त्यांत कुठेच येत नाही. बाहेर काही नाही असे कोणी सिद्ध केलेले नाही. प्रसरणासाठी ‘बाहेर’ लागत नाही, एवढेच म्हणावे.

प्रसरणाचा पुरावाही आतूनच मिळतो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना हायड्रोजनच्या ज्या रेडिओलहरी टिपतात, त्यांची मूळ लांबी 21 सेंटिमीटर असते. परंतु दीर्घिकांमधील अंतरे आजच्या निम्मी असताना निघालेली लहर आपल्यापर्यंत 42 सेंटिमीटरची होऊन पोहोचते. हे मोजण्यासाठी कोणालाही विश्वाबाहेर जाऊन उभे राहावे लागत नाही.

फुगवताना फुग्यावरचे ठिपके एकमेकांपासून दूर जातात, हा फुग्याचा दाखला देणारच असाल, तर विश्व म्हणजे केवळ फुग्याचा पृष्ठभाग, हे आधी बजावून सांगा. नाहीतर मुले आतल्या हवेत केंद्र शोधतात आणि खोलीला ‘बाहेर’ समजतात. माझ्या मते त्यापेक्षा फळ्यावर संख्यारेषा काढणे बरे. दोन्ही दिशांना अनंत असलेल्या रेषेवरील प्रत्येक संख्येची दुप्पट केली, की शेजाऱ्यांमधील अंतर दुप्पट होते, रेषा मात्र पूर्वीइतकीच अनंत राहते आणि तिला नवी जागा लागत नाही. कोणत्याही संख्येवर उभे राहिले, तरी बाकीच्या आपल्यापासूनच दूर जाताना दिसतात.

‘आरंभी विश्व मोहरीएवढे होते’ हे विधान फार तर दृश्य विश्वापुरते, म्हणजे ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला अशा, आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येच्या भागापुरते, करता येते. संपूर्ण विश्व आज अनंत असेल, तर ते तेव्हाही अनंतच होते, फक्त कमालीचे दाट आणि तप्त. पुणे-मुंबई अंतर मात्र प्रसरणामुळे वाढत नाही, आणि गुरुत्वाकर्षणामुळे शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका तर आपल्याकडेच येत आहे.

आरंभ आणि प्रसरण यांची गल्लतही टाळावी. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह ज्या स्थिर स्थिती सिद्धांताचा, म्हणजे विश्वाचे एकूण रूप सदैव सारखेच राहते या मताचा, पाठपुरावा केला, त्याला 1965 मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणानंतर, म्हणजे आरंभीच्या तप्त अवस्थेतून उरलेल्या आणि सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणानंतर, बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नाकारले. पण त्या सिद्धांतातील विश्वाला आरंभच नव्हता, तरी ते प्रसरण पावत होते, आणि तेही कशाच्या आत नव्हे.