जुनी शिडाची बोट कोकणातून मुंबईकडे आणताना या चुका टाळा

मुंबईहून दक्षिणेकडे जाताना दुपारचा वायव्य वारा पाठीशी असतो, त्यामुळे पहिल्यांदा निघालेल्यांना सगळेच सोपे वाटते. त्याच वाऱ्याच्या तोंडावर बोट परत आणायची आहे, हे त्यांना जयगडला नांगर टाकल्यावर आठवते. माझी अठ्ठावीस फुटी बोट तीस वर्षांहून जुनी आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका मी तिच्यावरच केलेल्या आहेत.

पहिली चूक डिझेलच्या टाकीत असते. बंदरात इंजिन एका झटक्यात सुरू झाले, एवढ्यावर विसंबू नये. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ साचलेला असतो. शांत पाण्यात तो जागचा हलत नाही, पण लाटांवर बोट तासभर आपटली की ढवळून थेट फिल्टरमध्ये येतो. एका फेब्रुवारीत हर्णै मागे टाकून बाणकोटच्या खाडीत शिरण्याच्या बेतात असताना माझे इंजिन दम लागल्यासारखे कमी-जास्त होऊ लागले आणि बंद पडले. समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. मुख्य शीड आधीच आखूड करून चढवलेले होते म्हणून निभावले. मित्राच्या हाती सुकाणू देऊन बोट खोल पाण्याकडे वळवायला सांगितले आणि मी खाली उतरलो. फिल्टरच्या पेल्यात चहाच्या चोथ्यासारखा गाळ होता. फिल्टर दहा मिनिटांत बदलला, पण डिझेलच्या नळीत शिरलेली हवा (एअर) काढायला पाऊण तास गेला, कारण दहाचा पाना हातातून निसटून तळातल्या पाण्यात पडला आणि तो चाचपडत शोधताना, डिझेलच्या वासाने, मला दोनदा उलटी झाली. आता हंगामाच्या सुरुवातीला मी टाकी उघडून हाताने पुसतो, जास्तीचे दोन फिल्टर बाळगतो आणि तो पाना दोरीने इंजिनालाच बांधून ठेवतो. टाकीत ओतायच्या औषधांवर माझा विश्वास नाही. सुटलेला गाळ शेवटी फिल्टरकडेच जातो.

दुसरी चूक निघण्याच्या वेळेची. चहा-पोहे उरकून दहा वाजता निघणाऱ्यांना दोन तासांत वायव्य वारा गाठतो आणि मग दिवसभर नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लाटांवर आदळत राहते. मी पहाटे तीनला नांगर उचलतो, जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर जमेल तितके अंतर कापतो आणि दुपारी आडोसा धरतो. अंधारात मासेमारीची जाळी फोनवरच्या नकाशात दिसत नाहीत, त्यामुळे नाळेवर बॅटरी घेऊन माणूस बसवावाच लागतो. झोप येते म्हणून याला फाटा देणाऱ्याला मी पुन्हा बोटीवर घेत नाही.

ओहोटीत खाडीत शिरू नका. बाहेर पडणारे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा दांड्यावर एकमेकींना भिडतात. जयगडचे मुख खोल असल्याने तिथे चालून जाते, बाणकोटला चालत नाही. भरती लागेपर्यंत बाहेर दोन तास येरझाऱ्या घालाव्या लागल्या तरी घालाव्यात.

शीड आखूड करायचा विचार मनात आला, की तेव्हाच करावे. उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यावी, मळमळू लागल्यावर नव्हे. आणि डोलकाठीच्या तारेच्या टोकाशी तांबूस डाग दिसला, तर तो पुसून चकचकीत करू नये, तार बदलावी.