बिल एव्हान्सचा डावा हात, घरच्या कीबोर्डवर

अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स (1929–1980) समजून घ्यायचा तर आधी त्याचा डावा हात बोटांत बसवा. हा हात कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर वाजवतच नाही, तो बासवाल्यासाठी सोडतो.

पांढरी एकला (म्हणजे सी ला) सा धरा, सगळे स्वर शुद्ध. डी मायनर सेव्हन: मंद्र म आणि ध, मध्य सा आणि ग. करंगळी, मधलं बोट, तर्जनी, अंगठा. जी सेव्हनला जाताना फक्त तर्जनी सा वरून नी वर येते, बाकी बोटं हलत नाहीत. सी मेजरला नी तसाच ठेवा. म चा ग, ध चा प आणि वरच्या ग चा रे करा.

नुसतं वाजवलं तर अधांतरी वाटेल, ते बरोबरच आहे. मोबाइलवर खालचे रे, प, सा अनुक्रमे 4, 4, 8 मात्रा रेकॉर्ड करा, लय मिनिटाला 60, आणि त्यावर वाजवा. ऑर्केस्ट्रात साथ करणाऱ्यांची करंगळी सवयीने मूळ स्वरावर जाते. तो मोह आवरा, नाहीतर बासला जागाच उरत नाही. कॉर्ड सप्तकभर खाली नेलेत तर आवाज गढूळ होतो. स्वर लांबवणारं पेडल प्रत्येक कॉर्ड लागल्यावर लगेच बदला, म्हणजे सोडून पुन्हा दाबा, आधी नाही.

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कीबोर्ड बघायला गेलात तर हलकं दाबल्यावर हलकं वाजतं का ते तपासा. एव्हान्सचं सगळं त्या हलकेपणात आहे. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. कूलर बंद ठेवता येईल अशा पहाटे बसा, किंवा हेडफोन लावा.

आता 25 जून 1961 चं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं एव्हान्सच्या त्रयीचं रेकॉर्डिंग ऐका. स्कॉट लाफारोचा बास नुसती साथ करत नाही, पियानोशी बोलतो. रिकाम्या सोडलेल्या जागेत तो काय करतो तिकडेच कान ठेवा. 11 दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, वय 25. एव्हान्स कित्येक महिने रंगमंचापासून दूर राहिला. हेरॉइनचं व्यसन आधीच होतं. पुढे सुईने उजवा हात बधिर झाला, तेव्हा त्याने डावा हात आणि पेडल एवढ्यावर कार्यक्रम निभावले.

तीन कॉर्ड न बघता जमले की तेच काळी एकवरून बसवा. तिथे बोटांची ठेवण बदलते, म्हणून लय 40 वर आणा.