ऑस्टिन सेव्हनचे तापणे कसे थांबवले
माझी १९२८ सालची ऑस्टिन सेव्हन, म्हणजे कापडी टपाची छोटी टूरर मोटार, इंग्लंडमधल्या चढांवर वारंवार तापू लागली होती. या ७४७ सीसीच्या इंजिनाला पाण्याचा पंप नाही. तापलेले पाणी हलके होऊन रेडिएटरमध्ये चढते, तिथे निवून खालच्या नळीने इंजिनात परतते, आणि हा प्रवाह इतका मंद असतो की वाटेत थोडा गाळ साचला तरी अडतो. इंधन पेटवणारी ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापते, म्हणून आधी ती वेळ तपासली. ती बरोबर होती. रेडिएटर उतरवून उलट दिशेने धुतला, तरी फरक थोडाच पडला.

खरा दोष ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात होता. बाजूची पाण्याची जोडनळी काढली (तिचे गंजलेले बोल्ट सहज तुटतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावावे आणि घाई मुळीच करू नये), तेव्हा आतल्या पोकळीत जुना गंज घट्ट बसलेला दिसला. वाकवलेल्या तारेने तो खरवडला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्लॉक धुतला. नवे गॅस्केट (जोडातून पाणी गळू न देणारा पातळ थर) बसवून पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा वर ठेवली, कारण ती खाली गेली की प्रवाहच तुटतो. आता ही गुणी गाडी तेच चढ न तापता चढते.