छोट्या ऑफिसचं नेटवर्क आणि ऑनलाइन बॅकअप: खरेदीआधी अपलोडचा हिशोब करा

पाच-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस असलेले लोक नेहमी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात, राउटर कुठला घेऊ आणि बॅकअपला काय वापरू. मला तो एकच प्रश्न वाटतो. ऑनलाइन बॅकअप शेवटी तुमच्याच इंटरनेटच्या वायरीतून वर जाणार आणि वेळ आली की त्याच वायरीतून खाली येणार, म्हणजे ती वायर, तो स्विच (सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा), ते राउटर भंगार असतील तर बॅकअपवाल्या कंपनीला कितीही पैसे मोजा, रात्रभर घासून सकाळी तो ४३ टक्क्यांवरच अडकलेला दिसणार.

म्हणून आधी काही विकत घेऊ नका. एक वही घ्या आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन विचारा, बाबा तुझ्या कामाच्या फाइली नक्की कुठे आहेत. उत्तरं मजेशीर येतात. अर्ध्या डेस्कटॉपवर, थोड्या डाउनलोडमध्ये, कोटेशनं कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये, ज्याचं नाव फक्त इन्स्टॉल करणाऱ्या माणसाला माहीत, आणि ग्राहकांनी पाठवलेले फोटो एकाच्या फोनमध्ये. मी स्वतः एका ऑफिसात बघितलंय, आठ महिने बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर हिरवी टिकली येत होती, सगळे खुश, आणि डिस्क गेल्यावर कळलं की फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप होत होता, अकाउंटचा डेटा त्यात कधी नव्हताच. सॉफ्टवेअरची चूक नव्हती हो, जे सांगितलं ते त्याने इमानदारीत केलं.

वहीत अजून दोन गोष्टी लिहा. सगळं बंद पडलं तर किती तास दम धरू शकता, आणि किती तासांचं काम परत हाताने टाकायची तयारी आहे. आयटीवाले यांना आरटीओ आणि आरपीओ म्हणतात, नावं सोडा, उत्तरं महत्त्वाची. जिथे दिवसभर बिलं फाटतात तिथे रोज रात्री एकदा बॅकअप म्हणजे वाईट दिवशी अख्ख्या दिवसाची बिलं परत टाकणं, ते झेपणार नसेल तर दर तासाला बॅकअप लागेल. डिझाइनचं काम असेल तर रात्रीचा एक पुरेल, पण फाइली जड असतील.

आता तो हिशोब, जो विकणारा माणूस शक्यतो करून दाखवत नाही. इंटरनेटचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात, एका बाइटमध्ये ८ बिट, त्यामुळे स्पीडला ८ ने भागायचं. समजा एकूण डेटा ५०० जीबी आणि अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट. पहिला पूर्ण बॅकअप वर जायला जवळपास १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांच्या वर, तेही लाइन एकदाही न तुटता आणि दुसऱ्या कोणी न वापरता. फक्त रात्रीचे दहा तास दिलेत तर अकरा-बारा रात्री. तेच अपलोड ५० एमबीपीएस असेल तर बावीस-तेवीस तासांत काम झालं. पहिल्या फेरीनंतर बरंचसं सोपं होतं, कारण नंतर फक्त बदललेला भाग जातो, रोज ४ जीबी बदलत असेल तर १० एमबीपीएसवरसुद्धा तासाभराच्या आत आटपतं. पण उलटा हिशोब विसरू नका, तोच खरा. सगळं गेलं आणि ५०० जीबी परत खाली आणायचंय, डाउनलोड १०० एमबीपीएस आहे, तर कागदावरच अकरा तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. वहीत "चार तासांत चालू व्हायला पाहिजे" असं लिहिलं असेल तर नुसत्या ऑनलाइन बॅकअपवर तुमचं भागणार नाही, ऑफिसात लोकल कॉपी पाहिजेच.

कनेक्शन घेताना त्यामुळे एकच प्रश्न ठासून विचारा, अपलोड किती. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, पण जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या किंवा केबल टीव्हीच्या लाइनवर अपलोड एकदम किरकोळ असतो. आणि अपलोड पूर्ण भरला की डाउनलोडसुद्धा रडायला लागतो, कारण खाली येणाऱ्या प्रत्येक डेटाची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोचच रांगेत अडकते. दुपारी व्हिडिओ कॉल फाटतोय आणि सगळे राउटरला शिव्या देतायत, तेव्हा बहुतेक वेळा मागे कोणाचा तरी बॅकअप चालू असतो. उपाय सोपा आहे, बॅकअपच्या सेटिंगमध्ये दिवसा अपलोडला मर्यादा घाला आणि रात्री मोकळं सोडा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही ते घेऊच नका.

नेटवर्कच्या सामानात पैसे कुठे घालायचे? माझं मत, वायरीत. राउटर तीन-चार वर्षांत बदलाल, भिंतीतली वायर पुढचा कोणीतरी काढेपर्यंत तिथेच राहणार. कॅट ६ दर्जाची नेटवर्कची वायर टाका, आणि शुद्ध तांब्याचीच. बाजारात सीसीए नावाची वायर मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, स्वस्त आणि हलकी, ब्लेडने तार जरा खरवडली की आतून चंदेरी दिसते. ती लवकर तुटते, आणि वायरीतूनच वीज घेणारा कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) तिच्यावर लावला तर जास्त गरम होते. एका ओढीची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, ती इथरनेटची मर्यादाच आहे. स्विच गिगाबिटचा घ्या. आणि लावून झाल्यावर प्रत्येक कॉम्प्युटरवर लिंक स्पीड बघा, १ जीबीपीएस दिसायला पाहिजे, १०० एमबीपीएस दिसत असेल तर बऱ्याचदा टोकाला क्रिंपिंग, म्हणजे प्लगमध्ये तारा दाबून बसवणं, गंडलेलं असतं, कारण गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि एक जोडी नीट बसली नाही तर लिंक गुपचूप १०० वर उतरते, कोणी तक्रारही करत नाही कारण इंटरनेट तर चालतंय.

वायफाय फोन आणि लॅपटॉपसाठी ठेवा, जे टेबलावरून हलत नाही त्याला वायर द्या. कव्हरेज कमी पडतंय म्हणून सहा अँटेनाचं राक्षसी राउटर आणू नका, राउटर कितीही जोरात ओरडलं तरी लांबचा फोन तितक्या जोरात उत्तर देऊ शकत नाही. त्यापेक्षा वायरने जोडलेले दोन साधे ॲक्सेस पॉइंट बरे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच चॅनल वापरा, ती एकमेकांवर चढत नाहीत, आणि जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, आणि शक्य असेल तर कॅमेरे, स्मार्ट टीव्ही वगैरे वस्तूही ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरींवर केलेल्या वेगळ्या नेटवर्कवर. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो, दहा लोकांच्या ऑफिसात हा खर्च मला पटतो, तिघांच्या ऑफिसात गेस्ट वायफायवर भागवा. राउटर, स्विच आणि नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) यांना यूपीएस हवाच.

आता एक गोष्ट जी मी हात जोडून सांगतो. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (बाहेरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय) पोर्ट ३३८९, म्हणजे त्याचं बाहेरचं दार, उघडून ठेवू नका. पोर्टचा नंबर बदलला की कोणाला कळत नाही असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका, इंटरनेटवर रात्रंदिवस सगळे पोर्ट ठोकून बघणारे बॉट फिरत असतात. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) लावा, लॉगिनला पासवर्डच्या जोडीला दुसरा कोड लावा. नॅसचंही तसंच, २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फाइलींना कुलूप लावलं होतं, म्हणजे लोकांनी ज्या डब्यावर बॅकअप म्हणून विश्वास ठेवला तोच डबा गेला. अपडेटचा कंटाळाही सोडा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस पसरला, ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने हातात होते.

बॅकअपकडे येऊ. पहिला गैरसमज, "आमचं सगळं ड्राइव्हवर आहे, बॅकअप आहेच". गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह ही सिंकची साधनं, इथे फाइल उडवली की तिथेही उडते, इथे व्हायरसने खराब केली की तिथे खराब झालेली पोचते. कचरापेटी असते, पण गूगल ड्राइव्हमध्ये ती ३० दिवसांत आपोआप रिकामी होते, आणि मार्चअखेरची फाइल गेलीय हे तुम्हाला जूनमध्ये कळतं. दुसरा गैरसमज, नॅसमध्ये दोन डिस्क आरशासारख्या लावल्यात म्हणजे झालं. अशा जोडणीला रेड म्हणतात, आणि रेड हा एक डिस्क मेल्यावर काम चालू राहावं म्हणून असतो, चुकून डिलीट केलेली फाइल तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने डिलीट करतो.

नियम जुना आणि साधा आहे, ३-२-१, हा पीटर क्रॉग नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केला: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छोट्या ऑफिसात याचा अर्थ, चालू डेटा कॉम्प्युटरवर, एक कॉपी नॅस किंवा बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन. डिस्क कायम लावून ठेवू नका, रॅन्समवेअर आलं की लावलेली डिस्कही त्याच झटक्यात जाते. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक नेहमी बाहेर. आणि दुसरी जागा म्हणजे खरंच दुसरी, १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. तुमची वेबसाइट किंवा सर्व्हर ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडेच बॅकअप ठेवत असाल तर निदान तो दुसऱ्या शहरात आहे का ते विचारा.

ऑनलाइन सेवा निवडताना जागा किती जीबी हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवतात, कारण रॅन्समवेअर कधी कधी आठवडेच्या आठवडे गप्प बसून असतं, मी तरी ९० दिवसांच्या खाली घेत नाही. मग बघा की ठरलेल्या मुदतीआधी बॅकअप कोणालाच पुसता येणार नाही अशी सोय आहे का, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तरी जुन्या प्रती जागच्या जागी राहतील. उघड्या फाइलींचा बॅकअप नीट घेता येतो का हेही, विंडोजवर त्यासाठी व्हीएसएस नावाची सोय आहे, ती वापरणारं सॉफ्टवेअर पाहिजे, नाहीतर दिवसभर उघडा असलेला अकाउंटचा डेटाबेस एकतर वगळला जातो नाहीतर अर्धवट कॉपी होतो, आणि अर्धवट डेटाबेस म्हणजे नसल्यासारखाच. डेटा परत काढायचे पैसे वेगळे लागतात का ते विचारा, काही ठिकाणी ठेवणं स्वस्त आणि काढणं महाग असतं. फार मोठा डेटा असेल तर डिस्क कुरिअरने पाठवतात का, जाताना आणि येताना दोन्ही.

एन्क्रिप्शनची, म्हणजे डेटाला लावलेल्या कुलपाची, किल्ली तुमच्याकडेच ठेवायचा पर्याय देतात, तो घ्या, पण नीट समजून घ्या. ती किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा डेटा उघडू शकत नाही, रडून भेकून काही होत नाही. किल्ली त्याच कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडमध्ये ठेवणारे महाभाग मी बघितलेत. कागदावर दोन प्रती, दोन जागी, आणि मालकाशिवाय अजून एका माणसाला माहीत असलेल्या.

आणि मग ट्रायल चालू असतानाच, पैसे भरायच्या आधी, परत काढून बघा. एक फाइल नाही, अख्खा अकाउंटचा फोल्डर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, सॉफ्टवेअरमध्ये उघडून, कालचं शेवटचं बिल दिसतंय का तिथपर्यंत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या ज्या पाच पद्धती लावल्या होत्या त्यातली एकही धड चालत नव्हती. कोणीतरी सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत होती म्हणून नुकसान साधारण सहा तासांच्या डेटावर निभावलं. ती सॉफ्टवेअरचीच कंपनी होती, आपल्याकडे तर बॅकअप बघणारा माणूस तोच असतो जो प्रिंटरमध्ये कागद भरतो.

त्या माणसाला तीन महिन्यांतून एकदा हे काम नाव घालून द्या, किती वेळ लागला ते त्याच वहीत लिहायला सांगा, आणि बॅकअप फेल झाल्याचा ईमेल फक्त त्याला न जाता तुम्हालाही येईल असं सेट करा, कारण तो सुट्टीवर गेलेला असतानाच अपलोड अडकतो.