गोव्याच्या हवेत गिटारला लाकडी बाइंडिंग लावताना

बाइंडिंग म्हणजे गिटारच्या बॉडीच्या कडेला खाच पाडून तिच्यात बसवलेली पट्टी. ती लाकडाची लावायला शिकायचं ठरवलं असेल, तर खाच पाडायचा बेअरिंगवाला राउटर बिट मागवण्याआधी एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. हे सगळ्यात आधी सांगते, कारण या कामाबद्दल जे काही शिकायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेतल्या वर्कशॉपमधून आलेलं असतं, आणि आपण काम करतो गोव्यात. इथे भर जुलैत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपासच असते.

तुम्ही एक-दोन इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडी कापल्या आहेत, टेम्प्लेटवर राउटर फिरवता येतो, नेक बसवता येतो, असं धरून चालते. पहिल्याच गिटारला बाइंडिंग करायला घेऊ नका. आणि पहिलं बाइंडिंग कराल तेव्हा सपाट टॉपची, एकच कटअवे (नेकशेजारी बॉडीत कापलेलं आतलं वळण) असलेली बॉडी घ्या. कोरीव, फुगीर टॉपवर राउटर टॉपच्या उतारावर टेकला की कलतो आणि खाचही तिरकी पडते. तिथे राउटर बॉडीच्या बाजूला समांतर उभा धरणारी गाडी लागते, ती नंतर बनवा.

प्लास्टिक का नको, हा प्रश्न रास्त आहे. १९५२ च्या गिब्सन लेस पॉलची ती क्रीम रंगाची कड प्लास्टिकचीच होती, आणि अजून सगळ्यांना तीच हवी असते. पण जुनं सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत जातं आणि बॉडीच्या कंबरेपाशी खाचेतून सुटून बाहेर येतं. शिवाय ते पेटतंही पटकन. लाकडी पट्टी लांबीत जवळपास आकसत नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्यामुळे आवाज सुधारतो असं मात्र गिऱ्हाइकाला सांगू नका. सॉलिड बॉडीवर दोन मिलिमीटरची पट्टी आवाजाचं काहीही करत नाही. ती कडेला ठोकर लागण्यापासून वाचवते आणि सुंदर दिसते, एवढं पुरे आहे.

लाकूड शिसवीचं घ्या. गोव्यातल्या जुन्या घरांमधून निघालेल्या मोडक्या पलंगांच्या पाट्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. जुनं, सरळ रेषेचं (रेषा म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा) आणि मुरलेलं लाकूड असतं. करवतीखाली घालण्याआधी खिळे मात्र शोधून काढा. नवं घ्यायचं तर परवानाधारक वखारीतून, पावतीसह. इथे झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि कुणाच्या परसातलं शिसव परस्पर आणून देणारा माणूस तुम्हालाच अडचणीत आणेल. शिसव साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे, पण कच्च्या पट्ट्या परदेशी मित्राला पोस्टाने पाठवायला जाऊ नका.

पट्टीची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली पाहिजे. पाटीच्या टोकाला पटाशी लावून एक ढलपी फोडा आणि फाट कुठे जाते ते बघा. ती कडेकडे पळाली तर त्या पाटीची पट्टी कटअवेत हमखास मोडणार. उंची ६ मिलिमीटर आणि जाडी २ ठेवा, कटअवेचं वळण आवळ असेल तर दीड. जाडी पूर्ण लांबीभर सारखी हवी, व्हर्नियरने जागोजागी मोजा. नक्षीदार मेपलच्या नादी इतक्यात लागू नका, त्याची रेषाच वाकडी असते.

आता मूळ मुद्दा. पट्टी वाकवायला थोडं पाणी लागतं आणि गोंदातही पाणी असतं. सगळीकडे सांगतात, वाकवून साच्यात बांधा आणि ‘रात्रभर वाळू द्या’. हे वाक्य जिथे खरं आहे तिथली हवा ४५ टक्क्यांची असते. लाकूड वाळतं म्हणजे ते भोवतालच्या हवेशी बरोबरी करतं, त्यापलीकडे काही नाही. ४५-५० टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा साडेआठ-नऊ टक्क्यांवर येऊन थांबतो. ८५ टक्क्यांत तो सतरा-अठरावर थांबतो, आणि मग रात्रभर ठेवा की महिनाभर, त्याखाली जात नाही. हाताला पट्टी कोरडी लागते, ठणठणीत वाजते, आणि आत दुप्पट पाणी असतं. थांबण्याने काम होत नाही, कोरडी हवा लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अशा हवेत चिकटवलेली माझी एक गिटार पुण्याला गेली. तिथे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तिशीच्या खाली येते. परत आली तेव्हा टॉपवरून नख फिरवलं की बाइंडिंगपाशी अडकत होतं, आणि खाली, गळ्यात अडकवायचा पट्टा लागतो त्या बटणाजवळ, बाइंडिंगची पट्टी उचलली होती. ती मांडीवर घेऊन बसले तेव्हा हे काम सोडावं असं मनापासून वाटलं होतं. कारण समजायला मात्र फार वेळ लागला, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

नख अडकतं ते असं. ६ मिलिमीटर उंचीची पट्टी आठ टक्के ओलावा गमावते तेव्हा उंचीत साधारण एक दशांश मिलिमीटरने आकसते. तुम्ही ती टॉपशी अगदी सपाट घासलेली असते, ती आता खाली बसते. एक दशांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण लॅकर चढल्यावर उजेडात ती रेष लपत नाही.

पट्टी उचलण्याचं कारण मात्र पट्टीत नाही, बॉडीत आहे. बॉडीची रेषा नेकच्या दिशेने धावते. त्या दिशेत लाकूड जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलतं. ३३० मिलिमीटर रुंदीची सागवानी बॉडी ओल्या जुलैतून कोरड्या एप्रिलमध्ये गेली की रुंदीला तीनेक मिलिमीटर आकसू शकते. फिनिश तो वेग कमी करतं, थांबवत नाही. बॉडीच्या खालच्या गोलाईवर बाइंडिंग तिच्या रेषेला आडवं जातं, आणि बाइंडिंग स्वतःच्या लांबीत आकसत नाही. म्हणजे बॉडी लहान झाली, पट्टी तेवढीच राहिली. जास्तीची लांबी जाणार कुठे? ती गोलाईवरून बाहेर फुगते. म्हणून लक्षात ठेवा, प्लास्टिक सुटतं ते कंबरेच्या आतल्या वळणात, कारण ते स्वतः आकसतं. लाकूड सुटतं ते बाहेरच्या गोलाईवर, कारण बॉडी आकसते. कुठे सुटलंय ते बघितलं की कारण कळतं. कंबरेत लाकडी पट्टी उचललेली दिसली तर ती नीट वाकवलेलीच नव्हती.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही, घाबरून जाऊ नका. जुनं लाकडी कपाट घ्या, तळाशी दोन फिलामेंटचे बल्ब लावा, लाकडापासून आणि प्लायपासून लांब, वर हवा जायला दोन भोकं. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के असताना आत ३८ अंश ठेवले की तीच हवा ४७ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी कमी होत नाही, पण गरम हवा लाकडातून पाणी ओढून घेते. पावसात वीज जाते आणि कपाट थंड पडतं, तेव्हा तास मोजू नका, वजन मोजा. दहा पट्ट्यांची जुडी साधारण ऐंशी ग्रॅम भरते. कपाटात गेल्यावर ती पाच-सहा ग्रॅम हलकी होते आणि मग वजन एका आकड्यावर थांबतं. ते सलग दोन-तीन दिवस थांबलेलं दिसलं की पट्टी तयार. बॉडीही तशीच, कडेला थोडी जास्त ठेवून कापलेली, त्याच कपाटात ठेवा. तिला कित्येक आठवडे लागतात. घाई इथेच होते.

हायग्रोमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं, जितका फरक असेल तितका मनात धरा. मीठ पाकिटातलं घ्या. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम असतं, त्याने आकडा खाली येतो.

वाकवण्याबद्दल थोडकंच. लोखंडी पाइप आतून तापवा, पाण्याचा थेंब त्यावर नाचत उडाला पाहिजे. पट्टी भिजत घालू नका, हलकी फवारा आणि पाइपवर दाबून हळूहळू फिरवा. एका क्षणी लाकूड हाताखाली सैल पडतं, मेणासारखं, आणि तोच क्षण ओळखायला शिकायचं असतं. तो येण्याआधी जोर लावला की कट्कन मोडणार. सुरुवातीला पट्ट्या मोडणारच, म्हणून टाकाऊ पट्ट्यांवर शिका. हॉट एअर गनचा शॉर्टकट मला पसंत नाही: बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. वाकवलेली पट्टी साच्यात बांधून पुन्हा कपाटात ठेवायची, वजन मूळ आकड्यावर येईपर्यंत.

खाच पाडताना राउटर उताराच्या दिशेने फिरवा, म्हणजे सगळ्यात रुंद भागाकडून अरुंद भागाकडे. रेषेविरुद्ध गेलात तर कटअवेच्या टोकाला ढलपी उडते. आधी टाकाऊ तुकड्यावर बेअरिंग तपासा. पट्टी खाचेबाहेर केसभर उरली पाहिजे, आत गेली तर बॉडीच घासावी लागेल. चिकटवायला सुरुवात सगळ्यात आवळ वळणापासून करा आणि मोकळ्या बाजूला जात रहा. टेपवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा बसतो. फेविक्विकसारख्या गोंदाने काम भरकन होतं हे खरं, पण तो फिक्या लाकडात शिरून डाग पाडतो. वापरायचाच असेल तर आधी खाचेला शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या. आणि शिसव ॲसिटोनने पुसताना फडकं टॉपकडे कधीच ओढू नका. तो जांभळट रंग पांढऱ्या लाकडात उतरला की निघत नाही. शिसवीच्या भुश्याने कातडीला खाज आणि पुरळ येतो, तेव्हा मास्क आणि पूर्ण बाह्या.

गोंद लागल्यावर दुसऱ्याच दिवशी स्क्रॅपर फिरवायचा मोह होतो. गोंदाच्या पाण्याने कड फुगलेली असते. आत्ता सपाट केलीत तर नंतर खाली बसणार. गिटार कपाटात ठेवा, आठवडा जाऊ द्या, मग घासा.

गुरूबद्दल विचारतात बरेच जण. गिटार बनवणारा गुरू मिळाला तर उत्तमच, पण मला सगळ्यात जास्त दिलं ते दारं-खिडक्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्ताने. त्यांनी आयुष्यात गिटारला हात लावला नव्हता. मी परत आलेली बॉडी दाखवली तेव्हा त्यांनी बोट फिरवून एवढंच विचारलं, “पावसात बसवलं गो?” पावसात चापून बसवलेलं दार उन्हाळ्यात खडखडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तुमच्या गावातला असा माणूस शोधा, त्याच्याकडे पटाशी पाजवायला शिका. सहा आठवड्यांत गिटार बनवायला शिकवतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एकच विचारा, तुमचं लाकूड किती टक्क्यांवर आहे. उत्तर आलं नाही तर परत फिरा.

पोटापाण्याचं बोलायचं तर सुरुवातीची वर्षं फ्रेट घासणं, सेटअप, वायरिंग यांवर भागवा. पावसाळ्यात तेच काम घ्या. कपाट नसेल तर बाइंडिंग डिसेंबरनंतर करा. आणि आधीच्या एखाद्या गिटारवर कड उचलली असेल, तर फटीत भुसा आणि गोंद भरू नका. पुढच्या पावसात बॉडी फुगेल तेव्हा तो भरलेला भुसा पट्टीला आणखी ढकलेल. गिटार आधी कोरडी करून वजन थांबू द्या. मग पट्टीची टोकं जिथे मिळतात त्या जोडापासून तेवढीच पट्टी गरम पातळ सुरीने सोडवा, जास्तीची लांबी जोडाशी पटाशीने काढा आणि पुन्हा बसवा.